सबसिडी येईपर्यंत हप्ता कोण भरणार? घरच्या सोलरचं कर्ज आणि अनुदान एकत्र बसवताना



"मॅडम, सोलरला 78 हजार सबसिडी आहे, बँक कर्जही देते, म्हणजे फुकटातच पडतं ना?" हा प्रश्न आता प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारे बहुतेक जण असे आहेत, ज्यांना सहा महिन्यांत नाहीतर वर्षभरात स्वतःचा काहीतरी धंदा सुरू करायचाय. म्हणून आज यावर सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरावर सोलर बसवणं चांगलं आहे. कर्ज आणि सबसिडी दोन्ही एकत्र वापरणं तर त्याहून चांगलं. पण सबसिडी धरून जर गणित जुळत असेल आणि सबसिडी बाजूला ठेवली की कोलमडत असेल, तर तो निर्णय अजून पिकलेला नाही. हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, सबसिडी मागाहून येते. मधल्या काळात तुमचा खिसा काय म्हणतो, यावर सगळं ठरतं.

(एक गोष्ट स्पष्ट करते. माझ्या दुकानात पंखे आणि दिवे विकले जातात, सोलर नाही. त्यामुळे पंख्याबद्दल पुढे जे लिहिलंय ते हवं तर दोनदा तपासून घ्या!)

आधी योजना नीट समजून घेऊ

पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. 1 कोटी घरांवर सोलर बसवायचं उद्दिष्ट आणि 75,021 कोटींची तरतूद. अनुदान असं मिळतं:

- पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला 30,000 रुपये
- तिसऱ्या किलोवॅटला 18,000 रुपये
- 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठी सिस्टिम असली तरी जास्तीत जास्त 78,000 रुपये

अनुदानासाठी पॅनल भारतात बनवलेल्या सेलचे लागतात, व्हेंडर नोंदणीकृत लागतो आणि अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरून करावा लागतो. आणि हे अनुदान घरगुती कनेक्शनलाच आहे. दुकानाच्या कमर्शियल मीटरला नाही. "दुकानावर बसवू आणि सबसिडी घेऊ" असं कुणी सांगत असेल तर तिथूनच परत फिरा.

कर्जाची बाजू अशी आहे. 3 किलोवॅटपर्यंतच्या सिस्टिमला सरकारी बँका 2 लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेला असतो. योजना आली तेव्हा रेपो अधिक अर्धा टक्का म्हणजे 7 टक्के होता. स्वतःचा हिस्सा साधारण 10 टक्के आणि मुदत 10 वर्षांपर्यंत. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून होतो.

विनातारण आणि इतक्या कमी व्याजाचं कर्ज छोट्या माणसाला दुसरीकडे सहजासहजी मिळत नाही. म्हणूनच ते जपून वापरायचं.

पैसा कोणत्या क्रमाने येतो-जातो

पीएमईजीपीची फाईल केलेल्यांना हे लगेच कळेल. तिथे सबसिडी आली तरी ती तीन वर्षं बँकेतच टीडीआरमध्ये पडून राहते, मग कर्जात वळती होते. तुम्हाला तिला हात लावता येत नाही. ही शिस्त बँकच लावते.

सूर्यघरमध्ये शिस्त तुमची तुम्हालाच लावायची आहे. क्रम असा असतो: अर्ज, व्हेंडरची निवड, कर्ज मंजुरी, बसवणी, नेट मीटर, तपासणी, मग सबसिडीची मागणी, आणि शेवटी रक्कम तुम्ही दिलेल्या बँक खात्यात. मागणी नोंदवल्यावर साधारण 30 दिवसांत पैसे यावेत अशी व्यवस्था आहे. पण नेट मीटर अडला, कागदात नाव जुळलं नाही, की तारीख पुढे सरकते. म्हणून मी गणितात नेहमी चार महिने धरायला सांगते.

आता खरं गणित

एक उदाहरण घेऊ. आकडे सोपे धरलेत, तुम्ही तुमच्या बिलातले टाका.

घराचा वापर महिन्याला 280 युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिट स्वस्त आणि 101 ते 300 ची युनिट जवळपास दुप्पट महाग पडतात. समजा वहन आकारासकट पहिल्या स्लॅबचा दर 6 रुपये आणि दुसऱ्याचा 12 रुपये.

*पायरी पहिली: पंखे.* साधा जुना पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज 12 तास चालणारे 3 पंखे बदलले तर दिवसाला दीड युनिटच्या वर वाचतं, महिन्याला 48 युनिट. ही सगळी वरच्या, म्हणजे 12 रुपयांच्या स्लॅबमधली. म्हणजे महिन्याला 576 रुपये. तीन पंखे 9,000 ला आले, तर थंडीचे महिने सोडूनही दीड-दोन वर्षांत वसूल. याला ना कर्ज लागतं, ना सबसिडी, ना कुणाची सही.

आधी हे, मग सोलर. उलटं केलंत तर जुन्या पंख्यांना खायला घालण्यासाठी अर्धा किलोवॅट जास्तीचा सोलर विकत घ्याल.

*पायरी दुसरी: सोलर.* आता वापर उरला 232 युनिट. 1 किलोवॅट सोलर आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिट देतो, पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. म्हणजे 2 किलोवॅट महिन्याला 240 च्या आसपास. आपलं काम झालं. जागा साधारण 200 चौरस फूट, सावली नसलेली.

समजा खर्च 1,20,000. तुमचे 12,000, बँकेचे 1,08,000. मी 7 टक्केच धरते. तुमच्या बँकेचा दर कमी असला तर उत्तमच. 10 वर्षांसाठी हप्ता येतो 1,254 रुपये.

बिलात बचत किती? वरच्या स्लॅबची 132 युनिट गुणिले 12, म्हणजे 1,584. खालच्या स्लॅबची 100 गुणिले 6, म्हणजे 600. एकूण 2,184. स्थिर आकार सोलर बसवल्यावरही भरावाच लागतो, म्हणून तो बचतीत धरायचा नाही.

म्हणजे या घरात सबसिडी एक रुपया आली नाही तरी हप्ता 1,254 आणि बचत 2,184. हा निर्णय पिकलेला आहे. सबसिडी आली तर वरची साय.

आता दुसरं घर बघा. वापर 90 युनिट, म्हणजे 540 रुपयांची वीज. 1 किलोवॅट 60,000 ला, कर्ज 54,000, हप्ता 627. सबसिडी येईपर्यंत दर महिन्याला खिशातून 87 रुपये जास्तीचे. रक्कम मोठी नाही, पण दिशा चुकीची आहे. अशा घरात कुणी "78 हजार सबसिडी मिळते, 3 किलोवॅटच घ्या" असं सांगितलं, तर तो तुमचं भलं बघत नाहीये. लक्षात घ्या, तिसऱ्या किलोवॅटला सरकारही कमीच पैसे देतं. सबसिडीचा आकडा बघून सिस्टिमचं माप ठरवायचं नसतं, बिलावरची युनिट बघून ठरवायचं असतं.

100 युनिटच्या आत वापर असणाऱ्यांसाठी महाराष्ट्र सरकारची वेगळी 'स्मार्ट' योजना ऑक्टोबर 2025 मध्ये मंजूर झाली आहे. 'स्वयंपूर्ण महाराष्ट्र निवासी रूफटॉप' हे तिचं नाव. त्यात 1 किलोवॅटचा खर्च 50,000 धरलाय. केंद्राचे 30,000 आणि त्यावर राज्याचे वेगळे: दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला 17,500, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला 15,000, इतरांना 10,000. म्हणजे स्वतःचे अनुक्रमे 2,500, 5,000 आणि 10,000. इथे दोन अनुदानं एकावर एक बसतात आणि कर्जाची गरजच उरत नाही. असं असताना अशा कुटुंबाला कर्जाच्या रांगेत उभं करणं मला तरी पटत नाही.

सबसिडी आली. आता काय?

इथे लोक सर्वात जास्त गंडतात. खात्यात एकदम 60,000 दिसले की घरात दहा कामं आठवतात. टीव्ही, लग्नातला आहेर, गाडीचे टायर. पण तो पैसा कर्जाच्या भरवशावर आलाय, कर्ज अजून डोक्यावर पूर्ण आहे.

वरच्याच उदाहरणात चौथ्या हप्त्यानंतर 60,000 कर्जात भरले तर मुद्दल उरतं साधारण 45,500. इथून दोन रस्ते आहेत आणि बँकेला लेखी सांगावं लागतं की तुम्हाला कोणता हवाय:

1. हप्ता तोच, मुदत कमी. 1,254 चाच हप्ता चालू ठेवलात तर कर्ज एकूण पावणेचार वर्षांत संपतं. एकूण व्याज साधारण 8,300. सबसिडी न भरता 10 वर्षं हप्ते भरत बसलात तर व्याज 42,000 च्या वर.
2. मुदत तीच, हप्ता कमी. हप्ता 1,254 वरून साधारण 540 वर येतो.

कागदावर पहिला रस्ता सरस आहे. नोकरदाराला मी तोच सांगेन. पण तुम्हाला, म्हणजे ज्यांना वर्षभरात मुद्रा किंवा दुसरं धंद्याचं कर्ज काढायचंय, त्यांना मी बऱ्याचदा दुसरा सांगते. कारण सोपं आहे. धंद्याच्या कर्जाला गेलात की बँक तुमच्या चालू हप्त्यांची बेरीज करते. सोलरमुळे वीजबिल कमी झालंय हे तिच्या तक्त्यात येत नाही, 1,254 चा हप्ता मात्र येतो. हप्ता 540 केलात तर धंद्याच्या कर्जाला जागा मोकळी होते. पुढे हातात पैसा आला की भराच जास्तीचे. फ्लोटिंग दराचं वैयक्तिक कर्ज मुदतीआधी फेडलं तर बँकेला दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

"तोच पैसा धंद्यात टाकला तर?"

हा प्रश्न हुशार मुलं विचारतातच. विचारायलाच हवा. 7 टक्क्यांचं कर्ज चालू ठेवायचं आणि सबसिडीचे 60,000 भांडवल म्हणून वापरायचे. तर्क म्हणून चूक नाही. धंद्यात माल फिरवून वर्षाला 20 टक्के सुटत असतील तर 7 टक्क्यांचं कर्ज फेडायची घाई कशाला?

माझं उत्तर तीन ओळींत:

- डोक्यावर क्रेडिट कार्ड, बचत गटाबाहेरचं मायक्रोफायनान्स किंवा सावकारी असेल, तर 60,000 आधी तिथे भरा. महाग कर्ज आधी, स्वस्त नंतर.
- धंदा चालू असेल, सहा महिन्यांचा विक्रीचा हिशोब वहीत असेल आणि त्याच मालाला मागणी असेल, तर भांडवल म्हणून वापरा. माझी हरकत नाही.
- धंदा अजून डोक्यात असेल, तर कर्जात भरा. न सुरू झालेल्या धंद्याचा 20 टक्के नफा हा अंदाज असतो, 7 टक्के व्याज मात्र ठरलेलं असतं.

तिसऱ्या ओळीवर बरेच जण नाराज होतात. व्हायला हरकत नाही. पण नवीन धंद्याचं पहिलं भांडवल घराच्या छपरावरच्या कर्जातून येऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

घरातूनच धंदा करणाऱ्यांनी एवढं बघा

मसाले, शिवणकाम, केक, डबे. तुमच्यापैकी निम्मे जण घरातूनच सुरुवात करणार. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्यांना घरगुती दर लागू राहतो, पण अट आहे: महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात 3,600 युनिटपर्यंत वापर. ओव्हन आणि डीप फ्रीजर आला की 300 ओलांडायला वेळ लागत नाही. म्हणून सोलरचं माप ठरवताना आजच्या घराबरोबर उद्याचं यंत्रही कागदावर लिहा.

दुसरी गोष्ट. साधा ऑन-ग्रीड सोलर लाईट गेली की बंद पडतो. वर ऊन रणरणत असलं तरी. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी ती सोय असते. तुमच्या गावात दुपारी लाईट जात असेल आणि केकची ऑर्डर ओव्हनमध्ये असेल, तर सोलर तुम्हाला वाचवणार नाही. बॅकअपचा खर्च वेगळा धरा.

पैसे द्यायच्या आधी

- मीटर कुणाच्या नावावर आहे? निम्म्या घरांत तो आजोबांच्या नाहीतर वडिलांच्या नावावर असतो आणि ते हयात नसतात. वीजबिल, बँक खातं, आधार आणि घरपट्टी यांवरचं नाव जुळवा. नाव बदलायला वेळ लागतो, म्हणून हे काम कोटेशनच्या आधी.
- बाराही महिन्यांची बिलं काढा. मे महिन्याच्या एका बिलावर माप ठरवू नका.
- तीन कोटेशन घ्या, पूर्ण किमतीची. "सबसिडी वजा जाता एवढेच द्या" असं कोटेशन परत करा. सबसिडी तुमच्या खात्यात येणार आहे, व्हेंडरच्या नाही. पॅनलचा, इन्व्हर्टरचा आणि स्ट्रक्चरचा भाव वेगळा लिहून मागा.
- जीएसटी तपासा. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय. जुनं कोटेशन तसंच पुढे ढकललंय का ते बघा.
- पाच वर्षांची देखभाल व्हेंडरची जबाबदारी आहे. करारात लिहून घ्या. पॅनल पुसायचं काम मात्र तुमचं.
- बँकेत एक प्रश्न विचारा: "सबसिडी कर्ज खात्यात जाणार की बचत खात्यात? आणि पार्ट पेमेंट केल्यावर हप्ता कमी करून देणार का?" उत्तर लेखी घ्या.

फ्रीज किंवा एसी बदलायचा असेल तर "झिरो कॉस्ट ईएमआय" बद्दलही सांगते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलंय. रोख घेतलं तर मिळणारी सूट हेच ते व्याज, वर प्रोसेसिंग फी. दुकानात रोखीचा भाव आधी विचारा, मग हप्त्याचा. दोघांतला फरक म्हणजे तुमचं व्याज. दुकानदार म्हणून सांगते, विचारणाऱ्या गिऱ्हाईकाला तो भाव मिळतो.

माझं म्हणणं

सरकारी अनुदानाला मी अजिबात नावं ठेवत नाही. हक्काचं आहे, घ्या. पण धंदा करायला निघालेल्या माणसाने एक सवय आत्तापासून लावून घ्यावी. कुठलीही योजना समोर आली की अनुदानाची ओळ आधी पट्टीने झाका, आणि उरलेल्या आकड्यांवर काम तग धरतं का ते बघा. धरत असेल तर पट्टी काढा आणि आनंदाने अर्ज करा. हेच उद्या मुद्राला, पीएमईजीपीला आणि पुरवठादाराच्या उधारीलाही लागू आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: बारा महिन्यांची बिलं काढा, सरासरी युनिट लिहा, घरातले पंखे मोजा आणि मीटरवरचं नाव वाचा. एवढं करायला अर्धा तास लागतो आणि एक रुपयाही लागत नाही. पुढच्या व्हिडिओत हीच बिलं घेऊन आपण तक्ता भरणार आहोत, तेव्हा वही-पेन घेऊनच बसा.

भेटू पुढच्या भागात.